सर्वांसाठी सौंदर्य : स्टॉकहोममधील अभिरुचीचा इतिहास

'अभिरुची' हा शब्द आपण समीक्षेत सहज वापरतो. अभिरुची घडवावी लागते, तिच्यावर संस्कार व्हावे लागतात, असे वर्गात सांगतोही. पण ती घडवणारा कोण, घडवून घेणारा कोण आणि या व्यवहाराचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे प्रश्न साहित्यचर्चेत बहुधा मागे राहतात. खुर्ची, पडदा, कपबशी यांच्या इतिहासात ते टाळता येत नाहीत. कारण तेथे अभिरुचीला किमतीची चिठ्ठी लावलेली असते. फिकट रंगाची, मोजक्या सामानाची जी गृहसजावट आज जगभर 'स्कँडिनेव्हियन' या नावाने विकली जाते, तिच्यामागील विचाराला स्वीडनमध्ये ठळक शब्दरूप दिले ते एका निबंधलेखिकेने. त्या विचाराची खरी कसोटी मात्र स्टॉकहोमच्या प्रदर्शनांत आणि दुकानांत लागली.

एलेन केय (१८४९–१९२६) ही ती लेखिका. १८९९ साली तिचे 'सर्वांसाठी सौंदर्य' या अर्थाच्या शीर्षकाचे निबंधांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सौंदर्य ही चैन नव्हे. वस्तू आपल्या कामाला चोख उतरली आणि साधी राहिली की ती सुंदर होते. सुंदर घरात माणूसही अधिक चांगला होतो, असे तिचे प्रतिपादन होते. श्रीमंतांच्या फर्निचरची यंत्रावर काढलेली स्वस्त नक्कल तिला मुळीच मान्य नव्हती. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या कामगार संस्थेत एक निळी आणि एक हिरवी अशा दोन खोल्या सजवून कामगारांना दाखवण्यात आल्या. चित्रकार कार्ल लार्सन यांचे सुंडबोर्न येथील घराच्या जलरंगचित्रांचे पुस्तकही १८९९ मधलेच. त्या घरातील विणकाम आणि कितीतरी सामान त्यांची पत्नी कारिन हिच्या कल्पनेतून उतरले होते. येथेच एक विसंगती दिसते. आदर्श होता तो कलावंत कुटुंबाच्या ऐसपैस ग्रामीण घराचा. धडा घ्यायचा होता तो एक खोली आणि स्वयंपाकघर यांत सारा संसार मांडणाऱ्या शहरी कामगाराने.

ही विसंगती १९१७ मध्ये उघड झाली. स्वीडिश हस्तव्यवसाय संघाने लिल्येवाल्क्स या कलादालनात 'घर' या विषयावर प्रदर्शन भरवले. लहान घरांसाठी, परवडेल अशा किमतीत, कलावंतांनी रेखलेल्या वस्तू हे त्याचे सूत्र होते. वास्तुकार गुन्नार आस्पलुंड यांनी स्वयंपाक आणि बैठक एकत्र असलेली खोली मांडली. विल्हेल्म कोगे यांनी गुस्ताव्सबेर्य कारखान्यासाठी निळ्या फुलांची भांडी केली. ती 'कामगारांचा संच' म्हणूनच ओळखली गेली. त्याच वर्षी, महायुद्धाच्या टंचाईत, स्वीडनच्या शहरांत अन्नासाठी निदर्शने होत होती. कामगारांच्या नावाने निघालेली ती भांडी विकत घेतली मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाने. साधेपणाचे आकर्षण ज्याला साधेपणाची सक्ती नसते त्यालाच आधी वाटते, ही गोष्ट त्या बशीने समीक्षकांच्या आधी सांगून टाकली.

सुधारकांचा उत्साह त्यामुळे कमी झाला नाही. १९१९ मध्ये कलेतिहासकार ग्रेगोर पाउल्सन यांनी 'अधिक सुंदर नित्योपयोगी वस्तू' अशी घोषणा दिली. पुढे १९३० साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनात काच, पोलाद आणि प्रकाश यांची नवी वास्तुकला लोकांसमोर आली. पेर आल्बिन हानसन यांनी १९२८ मध्ये संसदेत राष्ट्राला 'जनतेचे घर' म्हटले होते. आता खरोखरची घरे त्या रूपकाला शोभतील अशी व्हावीत, ही अपेक्षा होती. पण लोक राहत होते कसे? ब्रिता ओकरमान यांच्या १९४१ मधील पुस्तकाने त्याचे प्रत्यक्ष पाहणीतून उत्तर दिले. कितीतरी कुटुंबे दाटीवाटीने झोपत, तरीही एक खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवत. तज्ज्ञांना हा जागेचा अपव्यय वाटला. त्या कुटुंबांना मात्र ती राखलेली खोली म्हणजेच प्रतिष्ठा वाटत असावी. पाहुण्यांसाठीच उघडणारा दिवाणखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या उपदेशाच्या काळातच एक निराळे दुकान स्टॉकहोममध्ये उभे राहिले होते. चित्रकलाशिक्षिका असलेल्या एस्त्रिद एरिकसन यांनी १९२४ मध्ये वडिलांच्या वारशातून मिळालेल्या रकमेवर 'स्वेन्स्कत तेन', म्हणजे 'स्वीडिश कथिल', हे दुकान काढले. १९२७ मध्ये ते स्ट्रांडवेगन या पाण्याकाठच्या प्रतिष्ठित रस्त्यावर आले आणि आजही तेथेच आहे. व्हिएन्नाचे ज्यू वास्तुकार योसेफ फ्रांक (१८८५–१९६७) वाढत्या ज्यूद्वेषामुळे १९३३ मध्ये आपल्या पत्नीच्या देशात, स्वीडनमध्ये आले आणि दुसऱ्या वर्षापासून एरिकसन यांच्यासाठी काम करू लागले. मऊ गाद्या आणि नक्षीदार कापडे यांच्यामुळे १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या प्रदर्शनात आधुनिकतावाद्यांनी त्यांची थट्टा केली होती. फ्रांक आपल्या मतावर ठाम राहिले. सपाट एकरंगी पृष्ठभागापेक्षा नक्षी मनाला अधिक शांत करते, असे ते म्हणत. १९५८ मधील आपल्या निबंधात त्यांनी 'आकस्मिकतावाद' मांडला : आपला परिसर जणू योगायोगाने जमून आला आहे असा असावा. जुने आणि नवे, वारशाने आलेले आणि प्रवासात घेतलेले सामान एकत्र सुखाने नांदू शकते, ही त्यांची भूमिका. स्वीडिश म्हणून जगाला परिचित झालेली शैली अशा रीतीने एका निर्वासिताच्या हाताने समृद्ध झाली. घरात राहणाऱ्या माणसाच्या निवडीवर एवढा विश्वास इतर सुधारकांनी क्वचितच ठेवला असेल. पण हे स्वातंत्र्य मिळत होते ते स्ट्रांडवेगनच्या किमतीत.

किमतीचा प्रश्न सोडवला तो स्मोलांड प्रांतातल्या एका व्यापाऱ्याने. इंग्वार कांप्राद (१९२६–२०१८) यांनी १९४३ मध्ये 'आयकिया'ची स्थापना केली आणि १९४८ पासून फर्निचर विकायला सुरुवात केली. टेबलाचे पाय सुटे करून चपट्या खोक्यात विकण्याची पद्धत १९५६ पासून रुजली. प्रस्थापित विक्रेत्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, तेव्हा त्यांनी पोलंडमधून माल घेतला. १९६५ मध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेस कुंगेन्स कुर्वा येथे त्यांचे प्रचंड वर्तुळाकार दुकान उघडले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयावरून त्याचा आकार सुचला होता. त्याच वर्षी सरकारची दहा वर्षांत दहा लाख घरे बांधण्याची योजना सुरू झाली, आणि ती रिकामी घरे सजवायची होती. १९७० मधील आगीनंतर दुकान पुन्हा उघडले तेव्हा गिऱ्हाइकाने गोदामातून आपले खोके आपणच उचलण्याची रीत पक्की झाली.

केयचे स्वप्न येथे पूर्ण झाले असे म्हणायचे काय? एका अर्थाने होय. पण स्वस्ताईची किंमतही कोणीतरी मोजतच असते. जोडणीचे श्रम गिऱ्हाइकाकडे गेले. पूर्व जर्मनीतील पुरवठादारांकडे राजकीय कैद्यांनी केलेल्या कामाबद्दल कंपनीला २०१२ मध्ये खेद व्यक्त करावा लागला. तरुणपणी कांप्राद यांचा स्वीडिश फॅसिस्ट चळवळीशी संबंध होता, हे १९९४ मध्ये उघड झाले आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्या विचारसरणीमुळे फ्रांक परागंदा झाले, तिच्याच सावलीत 'सर्वांसाठी' दुकान काढणाऱ्याचे तारुण्य गेले होते. 'सर्व' या शब्दात कोण येते आणि कोण वगळले जाते, हा प्रश्न म्हणूनच केवळ किमतीचा राहत नाही.

२०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे हेच दुकान आले. आता आपणही त्याच मार्गदर्शक बाणांमागून फिरतो आणि दुसऱ्याने मांडलेली खोली आपलीशी समजून पाहतो. १९७९ पासून विकले जाणारे 'बिली' हे पुस्तकांचे कपाट आज कितीतरी देशांत सारखेच दिसते. मात्र त्यातली पुस्तके कोणत्याही दोन घरांत तीच नसतात. कपाट कोणीही नेमून द्यावे; फळीवर काय आणि कशाशेजारी काय, हा योगायोग वाचकाचाच असतो. फ्रांक यांना हे पटले असते असे वाटते. अभिरुची घडवण्याचा व्यवसाय करणाऱ्या आपण मास्तरमंडळींनी विद्यार्थ्यापुढे कपाट जरूर ठेवावे. त्याने राखून ठेवलेल्या खोलीचे दार मात्र त्याला न विचारता उघडू नये.