तळाशी उरलेला साका

इतिहासकार कागदावर विसंबतो. पण कधी कधी कागद गप्प राहतात आणि भांड्याच्या तळाशी उरलेला साका बोलू लागतो. मराठी संस्थानांच्या इतिहासातले याचे ठळक उदाहरण बडोद्याचे. 9 नोव्हेंबर 1874 रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले, अस्वस्थ वाटताच उरलेले फेकून दिले, आणि मग पेल्यातल्या गाळाकडे त्यांचे लक्ष गेले. रेसिडेन्सीचे डॉ. सीवर्ड आणि त्यानंतर मुंबई सरकारचे रसायन-परीक्षक डॉ. ग्रे यांनी तो तपासला. त्यात सोमल निघाला.

संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. 1875 साली सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी झाली. तिघा इंग्रज सदस्यांनी दोष सिद्ध मानला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी तो मानला नाही. हे दिनकरराव मूळचे देवरुखचे, म्हणजे आपले मालवणही ज्यात मोडत असे त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे. मल्हाररावांची गादी अखेर गेली ती गैरकारभाराच्या कारणावरून. साक्याने विषाचे नाव सांगितले. विष कालवणारा हात कोणाचा, हे सांगणे त्याला शक्य नव्हते.

ही उणीव आज दुसऱ्या एका कामात गुण ठरली आहे. त्वचेखाली औषध टोचण्याची पद्धत एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी 1853 साली रूढ केली. पुढे त्याच सुईने नशाही शरीरात शिरली. 2017 साली पॅरिस, ग्लासगो, बुडापेस्ट यांसह सहा युरोपीय शहरांत, सुया बदलून देणाऱ्या केंद्रांवर जमा झालेल्या वापरलेल्या सिरिंजा प्रयोगशाळेत नेण्यात आल्या. आत चिकटलेला अंश धुऊन घेऊन तपासला, तेव्हा शहराशहरांतला फरक दिसला. कित्येक सिरिंजांत एकाहून अधिक द्रव्ये सापडली. आपण नेमके काय टोचून घेतो, हे घेणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. अर्थात एक सिरिंज म्हणजे एक माणूस नव्हे, आणि केंद्रापर्यंत न आलेल्यांची तीत नोंद नसते.

भारतात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने टोचून नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे 8.5 लाख मानली. ती मुख्यतः मुलाखतींवर उभी आहे. आणि 1985च्या कायद्याने सेवन हाही गुन्हा असताना कोण किती मोकळेपणाने बोलणार? उलट 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने स्वच्छ सुया पुरवण्याला आणि वापरण्याला संरक्षण दिले. एकच सुई एका कायद्याच्या नजरेत पुरावा, तर दुसऱ्याच्या नजरेत उपचाराची वाट.

म्हणून प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा नाही. बडोद्याच्या पेल्याला ‘कोणी?’ असे विचारले गेले आणि आयोग दुभंगला. सिरिंजेला ‘काय?’ एवढेच विचारले, तर उत्तर मिळते आणि माणूस वाचण्याची शक्यता उरते. ‘कोणी?’ विचारायला लागलो, की दुसऱ्या दिवसापासून केंद्रातली पेटी रिकामी राहील.