रिकाम्या वाटा, मोकळ्या वाटा

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या सायकलमार्गांची वर्णने वाचताना ‘ट्रॅफिक-फ्री’ हा शब्द पुन्हापुन्हा भेटतो. मराठीत आणताना तो अडतो. ‘वाहनमुक्त’ म्हटले तर सरकारी फलक आठवतो, ‘निर्जन’ म्हटले तर उगाच भीती डोकावते. मराठीत या जागी दोन साधे शब्द आहेत, रिकामी आणि मोकळी, आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. जे होते ते निघून गेले की वाट रिकामी होते. कोणी घातलेला अडसर दूर झाला की ती मोकळी होते. स्कॉटलंडच्या खडी-मुरमाच्या रस्त्यांना हे दोन्ही शब्द लागू पडतात. त्यामागचे इतिहास मात्र वेगळे आहेत.

आज या रस्त्यांवर जाड टायरच्या ‘ग्रॅव्हल’ सायकली धावतात. इन्व्हरनेसहून ग्लासगोला येणारा ‘बॅजर डिव्हाइड’ हा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग प्रसिद्ध आहे. ग्लासगोहून थेट उत्तर टोकाच्या केप रॅथपर्यंत जाणाऱ्या मार्गाला ‘अन तुरस मोर’ असे गेलिक नाव आहे. अर्थ साधाच, ‘मोठा प्रवास’. सायकली नव्या असल्या तरी हौस नवी नाही. डांबरी सडक सोडून आडवाटेने जाणाऱ्या ब्रिटिश सायकलस्वारांनी १९५५ सालीच ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचे मंडळ काढले होते. पण या मार्गांवरचे जुने रस्ते सायकलसाठी केलेले नव्हते. कोणी गुरांसाठी पाडले, कोणी सैन्यासाठी, कोणी शिकारीसाठी, कोणी आगगाडीसाठी. ज्याच्यासाठी रस्ता झाला तो गेला आणि रस्ता उरला.

सर्वांत जुना थर गुरांच्या खुरांचा. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या आणि हायलँड्समधल्या काटक, बुटक्या गुरांना इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली. गुरे हाकणारे लोक कळप घेऊन शेकडो मैल चालत दक्षिणेला येत. स्काय बेटावरची गुरे काइल री सामुद्रधुनीतून पोहवत मुख्य भूमीवर आणली जात. एकाच्या जबड्याला बांधलेला दोर पुढच्याच्या शेपटीला, अशी त्यांची माळ असे. जमिनीवर आल्यावर दिवसाला दहा-बारा मैलांची मजल. घाई केली तर गुरे रोडावत आणि बाजारात भाव पडत. आधी क्रीफ आणि पुढे फॉल्कर्क इथल्या बाजारांत हे कळप विकले जात. रात्रीचा मुक्काम ठरलेल्या गवताळ जागांवर होई. तिथे गुरे चरत, माणसे घोंगडी पांघरून उघड्यावर झोपत. या मुक्कामाच्या जागा पुढे महत्त्वाच्या ठरणार आहेत, म्हणून त्या ध्यानात ठेवायच्या.

दुसरा थर लष्कराचा. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूने हायलँड्समध्ये उठाव होत होते. ते मोडायचे तर तोफा आणि रसद डोंगरात पोचायला हवी. १७२४ साली जनरल जॉर्ज वेड याला पाहणीसाठी उत्तरेला धाडण्यात आले आणि पुढच्या वर्षापासून त्याचे काम सुरू झाले. सुमारे अडीचशे मैल रस्ते आणि चाळीसएक पूल त्याच्या नावावर आहेत. त्याच्यानंतर विल्यम कॉलफील्डने याच्या कितीतरी पट रस्ते बांधले, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते वेडचेच. पद्धत अशी: सोळा फूट रुंदीचा चर खणायचा, तळाला मोठे धोंडे, त्यांवर लहान दगड, आणि सगळ्यात वर खडी-मुरमाचा जाड थर. कामाला सैनिकच होते. त्यासाठी त्यांना रोजचा जादा भत्ता मिळे. हा कडक पृष्ठभाग गुरांच्या खुरांना सोसत नसे, म्हणून या रस्त्यांवरून न्यायच्या गुरांना नाल ठोकावे लागत.

खडीच्या रस्त्याचे शास्त्र पुढे याच देशातल्या एअरच्या जॉन मॅकॅडमने बदलले. तळाचे धोंडे त्याने काढून टाकले आणि सारख्या आकाराच्या बारीक खडीचे थर दाबून बसवले. आपल्याकडे बांधकाम खात्याच्या फलकांवर ‘डब्ल्यूबीएम’ ही अक्षरे दिसतात. त्यांतला ‘एम’ म्हणजे हाच मॅकॅडम. गावाकडे ज्याला ‘खडीकरण’ म्हणतात, त्याच्या मागे त्याचे नाव असे लपून राहिले आहे.

वेडच्या रस्त्यांतला सर्वांत धाडसी रस्ता कॉरियॅरॅक खिंडीचा, १७३१ सालचा. तो समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर चढतो आणि लॅगनच्या बाजूला नागमोडी वळणे घेत खाली उतरतो. गेलिक भाषेत ‘कॉरे’ म्हणजे कढई. डोंगराने तीन बाजूंनी वेढलेल्या खोलगट जागेला तिथले लोक कढई म्हणतात, आणि नकाशावर चढलेल्या इंग्रजी रूपातही ती कढई टिकून आहे. हा रस्ता राजाच्या फौजेने बांधला. पण १७४५ च्या ऑगस्टमध्ये खिंड आधी गाठली ती राजाविरुद्ध उठलेल्या चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टच्या हायलँडर फौजेने. सरकारी सेनापती जॉन कोप वळणांच्या चढावर लढाई नको म्हणून इन्व्हरनेसकडे वळला आणि दक्षिणेची वाट उठावकऱ्यांना मोकळी मिळाली. पुढच्या महिन्यात एडिनबरा त्यांच्या हाती होते. रस्ता कोणी बांधला यावरून तो कोणाच्या उपयोगी पडेल हे ठरत नाही, हे त्या वर्षी दिसून आले. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनला त्या फौजेचा शेवट झाला. आज या खिंडीत मोटारींना बंदी आहे आणि सायकलींना वाट खुली आहे.

उठाव मोडल्यावर सत्तावीस वर्षांनी, १७७३ साली, सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल घोड्यांवरून ग्लेनमॉरिस्टनच्या खोऱ्यात आले. वाटेत रस्त्याचे काम करणारे सैनिक भेटले. त्यांना जॉन्सनने दारूसाठी पैसे दिले. रात्री ज्या झोपडीवजा खाणावळीत मुक्काम झाला, तिचा मालक मॅक्वीन याने बॉझवेलला सांगितले की या खोऱ्यातून सत्तर माणसे अमेरिकेला गेली आहेत आणि पुढल्या वर्षी आपणही जायचा विचार करतो आहोत. कारण खंड, म्हणजे जमिनीचे भाडे. रस्ते तयार होत होते आणि त्याच सुमारास त्या रस्त्यांवरून चालणारी माणसे निघून जाऊ लागली होती.

पुढच्या शतकात या जाण्याला ‘क्लिअरन्स’ हे नाव पडले. हाही शब्द मराठीत नीट बसत नाही. ‘विस्थापन’ म्हटले की सरकारी कागद झाला. मूळ शब्दात घर झाडून काढल्याचा भाव आहे. कुळांपेक्षा मेंढ्यांच्या चराईतून अधिक उत्पन्न मिळते, हे कळल्यावर जमीनदारांनी खोरी झाडून काढली. सदरलँडमधल्या स्ट्रॅथनेव्हरमध्ये १८१४ साली घरे पाडली, जाळली गेली. त्याबद्दल जमीनदाराचा हस्तक पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. मेंढ्यांचा भाव उतरल्यावर तीच जमीन हरणांच्या शिकारीसाठी राखली जाऊ लागली. शिकारी पाहुण्यांना वर नेण्यासाठी आणि मारलेली हरणे तट्टांवरून खाली आणण्यासाठी नवे रस्ते कोरले गेले. आज सायकलस्वार ज्याला ‘इस्टेट ट्रॅक’ म्हणतात, त्यांतले कित्येक असे आहेत. अशा रस्त्याच्या कडेला गवतात बुडालेली जोती दिसतात. नकाशावर उन्हाळी चराईच्या झोपड्यांसाठीचा ‘आरी’ हा गेलिक शब्द गावांच्या, टेकड्यांच्या नावांत अजून आढळतो. ही शांतता निसर्गाची नाही. ती केलेली आहे.

इथवरचा इतिहास रिकामे होण्याचा. मोकळे होण्याचा इतिहास न्यायालयात सुरू होतो, आणि तिथे मराठीतला एक जुना शब्द नेमका उपयोगी पडतो: वहिवाट. मालकी कागदावर असते, वहिवाट पायांनी सिद्ध होते. आपल्याकडे १८८२ च्या कायद्याने वहिवाटीच्या हक्काला वीस वर्षांच्या अखंड वापराची अट घातली, आणि शेताच्या अडवलेल्या वाटेचे दावे आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे चालतात. स्कॉटलंडमध्ये ही अट पूर्वी चाळीस वर्षांची होती; १९७३ च्या कायद्याने ती वीस वर्षांवर आली. फरक असा की आपला तंटा बहुधा दोन शेजाऱ्यांमधला असतो. तिथे एका बाजूला जमीनदार आणि दुसऱ्या बाजूला ‘जनता’ असे.

जनतेच्या बाजूने लढण्यासाठी १८४५ साली एडिनबरामध्ये वाटांच्या हक्कांसाठी एक संस्था स्थापन झाली. दोन वर्षांनी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्टच्या खोऱ्यातून येत असताना अथॉलच्या ड्यूकने त्यांची वाट अडवली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि ग्लेन टिल्टची वाट खुली राहिली. आज ती सायकलस्वारांची आवडती वाट आहे. पुढे ऑस्ट्रेलियात पैसा कमावून परतलेल्या डंकन मॅकफर्सनने ग्लेन डॉल विकत घेतले आणि ‘जॉक्स रोड’ नावाची डोंगरवाट बंद केली. संस्थेने दावा लावला. ब्रेमारहून मेंढ्या बाजाराला नेण्यासाठी ही वाट वर्षानुवर्षे वापरात होती, हे साक्षींतून सिद्ध झाले आणि १८८८ साली अंतिम निकाल जनतेच्या बाजूने लागला. धनगरांच्या, मेंढपाळांच्या पायांना असा पुराव्याचा दर्जा मिळाला. खर्चाने मात्र दोन्ही पक्ष बुडाले.

वहिवाटीला एक मर्यादा होती. आता त्या मुक्कामाच्या जागांकडे यायचे. १८४८ साली ब्रेडलबेनच्या मार्क्विसच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की गुरे हाकणाऱ्यांना रस्त्याचा हक्क असला तरी वाटेत कळप चारण्याचा, मुक्कामाचा हक्क नाही. ज्या गुरांना दिवसाला दहाच मैल चालता येते त्यांना थांबू दिले नाही, तर रस्ता असून नसल्यासारखाच. कळप आधीच आगगाडीत चढू लागले होते. या निकालाने उरलेल्यांची वाटही कठीण केली.

आगगाडीलाही पुढे तेच भोगावे लागले. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तोट्यातले लोहमार्ग बंद होत गेले. ग्लेन ओगलमधून जाणारा कॅलंडरचा मार्ग १९६५ साली दरड कोसळून, ठरल्या तारखेच्या काही आठवडे आधीच थांबला. बॅलाटरचा मार्ग १९६६ मध्ये गेला. रूळ काढल्यावर उरला तो मंद चढाचा खडीचा पट्टा. त्यांवर आज सायकलमार्ग आहेत.

या सगळ्या तुकड्यांना जोडले ते २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने. १९९९ साली स्कॉटलंडला स्वतःची संसद परत मिळाली होती. तिच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. २००१ च्या मसुद्यात जमीनदारांना प्रवेश थांबवण्याची मुभा होती. विरोध झाला आणि ती गेली. फेब्रुवारी २००५ पासून जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही पायी, घोड्यावर किंवा सायकलवरून बहुतेक सर्व जमिनीवर जाता येते. मोटारीला हा हक्क नाही. घराभोवतीचे आवार, उभे पीक हे वगळलेले. वीस वर्षांचा पुरावा आता आणावा लागत नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये सायकलस्वाराला अजून ठरावीक वाटांपुरतेच राहावे लागते. स्कॉटलंडच्या हक्कात तंबू ठोकून रात्र काढणेही आले. १८४८ साली नाकारलेला मुक्काम असा दीडशे वर्षांनी परत मिळाला, गुरांविना. लॉख लोमंडच्या काठावर २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर त्यावर पुन्हा निर्बंध आले आहेत.

याच कायद्याचा दुसरा भाग कमी वाचला जातो. त्यात ग्रामीण समुदायांना आपली जमीन विक्रीला निघाल्यास ती आधी विकत घेण्याचा हक्क आहे. असिंटच्या कुळांनी १९९३ मध्ये आणि एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये, कायदा नसतानाही, तसे करून दाखवले होते. पहिल्या भागाने वाट मोकळी केली. वाटेकडेच्या जोत्यांवर पुन्हा घरे उठायची असतील तर ते दुसऱ्या भागावर अवलंबून आहे, आणि खासगी जमिनीपैकी निम्मी जमीन आजही पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे.