मंदी, मतपेटी आणि कुलाब्याचे कूळ

१. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढील दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांत ठरलेले होते. भाव निम्मा झाला की तेच दहा रुपये फेडण्यासाठी दुप्पट भात विकावे लागे. मंदीचा खरा अर्थ शेतकऱ्याला असा कळला.

२. अमेरिकेत या संकटाचा हिशेब मतपेटीतून झाला. १९३० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधिगृहातील बहुमत नाममात्र उरले. पुढे पोटनिवडणुकांनी तेही गेले. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांनी हूव्हर यांचा ४७२ विरुद्ध ५९ निर्वाचक मतांनी पराभव केला. दक्षिणेत कृष्णवर्णीयांची मते अडवली जात होती, हे खरे. तरी बेकार कामगार आणि कर्जबाजारी शेतकरी सरकार बदलू शकले.

३. आपल्याकडे? कडाव, कर्जत, खालापूर हा सारा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खोतांची शेते कसायची नाहीत, असा निर्धार झाला. संप सहा वर्षे चालला. मत नव्हते, म्हणून कुळांनी नांगर खाली ठेवला.

४. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मताधिकार मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. देशभरात मतदार सुमारे तीन कोटी. बहुसंख्य प्रौढ यादीबाहेर. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या, म्हणजे बहुमताला दोन कमी. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने डझनाहून अधिक जागा जिंकल्या.

५. गव्हर्नरांच्या विशेषाधिकारांवरून काँग्रेसने सुरुवातीस सत्ता नाकारली. त्यामुळे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. जुलैमध्ये बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. सत्ता बदलली, खाचरातील वाटणी बदलली का?

६. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. ते पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधानभवनावर मोर्चाने आले. अनेकांची नावे मतदारयादीत नव्हती. सभागृहात पोहोचण्याचा मार्ग त्यांच्यासाठी रस्त्यावरून जात होता.

७. खेर मंत्रिमंडळाने कूळ कायदा मंजूर करून घेतला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा मिळणार होता. परंतु महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, तेव्हा तो अमलात आलेला नव्हता.

८. अमेरिकेतील सत्तापालट आणि आपल्याकडील सत्तापालट यांत हा फरक आहे. तिथे मंदीने ग्रासलेल्यांपैकी पुष्कळांच्या हाती मत होते. म्हणून नव्या सरकारला त्यांच्या मागण्या पहिल्याच महिन्यांत ऐकाव्या लागल्या. इथे मंदीचा भार सर्वाधिक वाहणारा माणूस यादीबाहेर होता. पक्ष जिंकला, तरी कूळ थांबून राहिले.

९. स्वातंत्र्यानंतर खोती कायद्याने गेली. १९४८ चा नवा कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कायद्याने कुळाला मालक मानले. तोवर प्रौढ मताधिकाराने दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या. हा क्रम योगायोगाचा नाही, असे मला वाटते.

१०. घरी जुने फेरफार असतील तर काढून पाहा. त्यांत ‘कलम ३२ ग’ अशी नोंद आढळली, तर ती नुसती तलाठ्याची शाई समजू नका. चरीच्या संपापासून सुरू झालेल्या लढ्याचे ते उशिरा लागलेले फळ आहे.