तोंड येतं कुठून?

मराठीत डोळे येतात, पूर्वी देवी यायच्या, आणि तोंडही येतं. कुठून येतं, हे भाषा सांगत नाही. ओठाच्या आत मसुराएवढा पांढुरका व्रण, भोवती लाल कड, आणि आमटीचा पहिला घास घेतला की डोळ्यांत टचकन पाणी. अंबरनाथ पश्चिमेला विमको नाक्याच्या आसपास कुठल्याही औषधाच्या दुकानात जाऊन ‘तोंड आलंय’ एवढं म्हटलं, की दुकानदार पुढचं काही न विचारता बी-कॉम्प्लेक्सची पट्टी काउंटरवर ठेवतो. त्या पट्टीमागच्या गोष्टीचा एक मोठा तुकडा इथून लोकलने सव्वा तासावर, परळला घडला आहे.

पण आधी नाक्याचं नाव. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. 1922 साली परदेशी काडेपेट्यांवर जबर आयात कर बसला, तेव्हा स्वीडनच्या काडेपेटी उद्योगाने इथेच कारखाने काढायचं ठरवलं. 1923 साली कंपनी उभी राहिली आणि अंबरनाथला काड्या बनू लागल्या. काडेपेटीचा आणि तोंडाचा संबंध काय, असं वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात या धंद्याने युरोपात कामगारांची तोंडंच खाल्ली होती. तेव्हाच्या काड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. त्याच्या वाफेने आधी दात दुखत, मग हिरड्या सुजत, पू येई आणि शेवटी जबड्याचं हाड कुजे. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरने 1845 मध्ये या रोगाची नोंद केली. 1888 साली लंडनमधल्या काडेपेटी कामगार मुलींनी संप केला, त्यांच्या गाऱ्हाण्यांत दंड आणि तुटपुंज्या मजुरीबरोबर हा जबडाही होता. 1906 मध्ये बर्न इथल्या करारात अनेक देशांनी पांढरा फॉस्फरस सोडायचं मान्य केलं, आणि 1913 मध्ये हिंदुस्थानातही बंदीचा कायदा आला. म्हणजे अंबरनाथला कारखाना आला तो कायद्यानंतर दहा वर्षांनी, पेटीच्या कडेला निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस लावणाऱ्या काड्या घेऊन.

जबड्याच्या रोगाचा गुन्हेगार एकच होता, म्हणून कायद्याला तो धरता आला. तोंड येण्याच्या बाबतीत संशयितांची रांगच लागते.

सुश्रुतसंहितेत तोंडाचे 65 रोग सांगितलेत. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, घसा अशी त्यांची वाटणी आहे, आणि उरलेले तीन ‘सर्वसर’, म्हणजे सगळ्या तोंडात पसरणारे. आपलं तोंड येणं बहुधा या शेवटच्या खात्यात पडतं. पुढे वैद्यांनी मुखपाक म्हटलं, घराघरांत ‘उष्णता झाली’ म्हटलं गेलं. उपायही त्याच हिशोबाने आले: जाईचा पाला चघळायचा, ज्येष्ठमध चोखायचं, व्रणावर तूप लावायचं, ताक प्यायचं, मिरचीला सुट्टी. यातल्या बऱ्याच गोष्टींनी बरं वाटतं, हे खरंच आहे. मात्र साधा व्रण आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपला आपणच भरतो. त्यामुळे आठव्या दिवशी जे लावाल ते रामबाण ठरतं, आणि श्रेय बिचाऱ्या तुपाला जातं.

पट्टीची गोष्ट मात्र परळची. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे: रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. अशा पंडुरोगात जीभही लाल आणि हुळहुळी होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने जंतू शोधून पाहिले, ते सापडले नाहीत. मग ती ताटाकडे वळली. 1930 मध्ये सहलेखक तळपदे यांच्यासह तिने मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी प्रसिद्ध केली. यीस्टचा अर्क म्हणजे मार्माइट, ही इंग्रजांच्या न्याहारीतली स्वस्त काळी चटणीच म्हणा ना. ती दिल्यावर प्रयोगातली आजारी माकडं सुधारली, आणि मग बायकाही. 1931 साली हे छापून आलं. आत नेमकं काय आहे हे ठाऊक नसल्याने त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. दहा वर्षांनी अमेरिकेत तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं फॉलिक ॲसिड. जाईच्या पाल्यावर भरवसा ठेवणाऱ्या आज्यांना हे नाव आवडलं असतं.

यातून दुकानदाराची पट्टी आली. तरीही ती प्रत्येकाला लागू पडत नाही. वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात लोह, बी-12 किंवा फॉलिक ॲसिड कमी असतं. त्यांना गोळ्यांचा गुण येतो. बाकीच्यांच्या बाबतीत शरीराचीच संरक्षक फौज तोंडाच्या आतल्या मऊ अस्तरावर उलटते. चावलेला गाल, टोचणारा दात, जागरण, परीक्षा ही निमित्तं होतात, आणि आई-वडिलांचं तोंड येत असेल तर मुलांचंही येण्याचा संभव वाढतो. अशांना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, फेस आणणारं रसायन नसलेली टूथपेस्ट, आणि फारच त्रास असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा लेप, एवढं पुरतं. डोळे लाल होणं किंवा जननेंद्रियावर व्रण अशी जोड असेल तर गोष्ट वेगळी: इस्तंबूलच्या हुलुसी बेहचेत यांनी 1937 मध्ये वर्णन केलेला आजार असू शकतो.

आणि तीन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण पट्टीवर सोपवू नये. विशेषतः तंबाखू-चुना गालात धरणाऱ्याचा, मिश्री लावणारीचा. कॅन्सरचा व्रण सुरुवातीला अनेकदा दुखतच नाही, म्हणून लोक त्याला तोंड आलं असं समजून महिने काढतात. महाराष्ट्राने गुटख्यावर 2002 मध्ये बंदी घातली, ती 2004 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. 2012 मध्ये पुन्हा घातली. पांढऱ्या फॉस्फरसला पर्याय तयार होता, कारखानदार तिकडे वळले. गुटख्याच्या बंदीला मात्र देशभर निराळीच वाट फुटली: सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि दोन्ही एकत्र करायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर.