पैठणचा दगड आणि वाङ्निश्चयाची अंगठी

साखरपुड्याची अंगठी घ्यावयास गेलेली मंडळी आता सराफाच्या पेढीवर खड्याच्या ‘कट’विषयी बरीच चर्चा करू लागली आहेत. खडा गोल असावा की चौकोनी, लंबगोल की बदामी, यावर दोन्ही घरांची मते पडतात आणि हा सारा केवळ हौसेचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः खड्याला घाट कोणता द्यावा याचा निर्णय माणसे दोन हजार वर्षांपासून निरनिराळ्या हेतूंनी घेत आली आहेत, आणि त्या इतिहासातील दोन प्रकरणे छत्रपती संभाजीनगरच्या परिसराशी निगडित आहेत. आपल्या वाचकांपुढे ती मांडावीत असे आम्हांस वाटते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. त्यांपैकी एक तगर, म्हणजे आजचे तेर, आणि दुसरी पैठण. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असून, तेथून सुलेमानी जातीचा दगड विपुल प्रमाणात, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरास येतो, असे तो सांगतो. हा दगड येथे का सापडावा, याचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. ते थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे गारेचे द्रव्य थरावर थर साचत गेले आणि त्यातून अकीक व सुलेमानी दगड तयार झाले. खडक झिजला, आणि हे गोटे ओढ्यानाल्यांतून गोदावरीच्या पात्रात आले.

रोमन कारागिरांना या थरांचे मोठे मोल होते. वरचा पांढरा थर कोरून आकृती उठवावयाची आणि खालचा काळा वा तपकिरी थर पार्श्वभूमी म्हणून राखावयाचा, ही एक रीत. दुसरी मुद्रेची. तीत दगडाचा माथा सपाट किंवा किंचित फुगीर घासून त्यात आकृती खोलगट कोरीत, म्हणजे मेणावर दाबताच ती उठून दिसे. पैलू पाडण्याचा येथे प्रश्नच नव्हता. घाट ठरे तो दगडाच्या उपयोगावरून.

आता वाङ्निश्चयाकडे वळू. वाग्दत्त वधूला आजही लोखंडाची अंगठी पाठवितात आणि तीही खड्यावाचून, असे पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी नमूद करतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस टर्टुलियन लिहितो की, पूर्वीच्या स्त्रियांच्या अंगावर सोने असे ते फक्त वाङ्निश्चयाच्या अंगठीच्या बोटावर. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती कुटुंबांसाठी अंगठीविषयी जे लिहिले, ते आम्हांस विशेष मननीय वाटते. स्त्रीला सोन्याची अंगठी द्यावी ती शोभेसाठी नव्हे, तर घरातील जपून ठेवावयाच्या वस्तूंवर मोहोर करण्यासाठी, असे त्याचे म्हणणे. म्हणजे अंगठीबरोबर घराचा कारभार तिच्या हाती येई. मुद्रेवर कबुतर, मासा, शिडाचे तारू, वीणा किंवा नांगर असावा. मूर्ती, तलवार वा धनुष्य नसावे, असेही तो सुचवितो. पैठणचा एखादा दगड अशा ख्रिस्ती अंगठीत बसला असेल काय? पुरावा नाही, पण अशक्यही नाही.

दुसरे प्रकरण हिऱ्याचे. 1477 साली ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, असे सांगतात. त्या काळी युरोपात जाणारे हिरे मुख्यतः भारतातूनच येत. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना औरंगाबादवरून गेला. संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या त्या वाटेवर दिसल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. बीबी का मकबरा त्याच काळातला. ज्या औरंगजेबाने 1653 मध्ये या शहराला स्वतःचे नाव दिले, त्याच्याच दरबारात, दिल्लीस, 2 नोव्हेंबर 1665 रोजी ताव्हर्निएने प्रसिद्ध ‘ग्रेट मोगल’ हिरा हाती घेतला. अर्ध्यावर कापलेल्या अंड्यासारखा त्याचा घाट होता. त्याच्या नोंदीप्रमाणे कच्च्या हिऱ्याचे वजन 787½ कॅरट होते, ते घासून 280 वर आले. हे काम होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराचे. मजुरी राहिली बाजूला. हिऱ्याचे वजन घालविले म्हणून त्यालाच दहा हजार रुपये दंड झाला.

ताव्हर्निए आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. हिरा निर्दोष असेल तर भारतीय कारागीर वजन घटू नये म्हणून त्यास नुसते घासून चकाकी देत. डाग असेल तरच तो झाकण्यासाठी भरपूर पैलू पाडीत. आपले कारागीर अडाणी होते असा याचा अर्थ काढू नये. त्यांच्या गिऱ्हाइकाला वजन हवे होते, युरोपच्या गिऱ्हाइकाला तेज. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल हिऱ्याची प्रमाणे गणिताने मांडली, तीही तेजासाठीच. 58 पैलूंच्या या गोल घाटात कच्च्या हिऱ्याचे निम्म्याहून अधिक वजनही जाऊ शकते. चौकोनी घाटात घट कमी, म्हणून तो तुलनेने स्वस्त पडतो. बदामी घाटाचे टोक नाजूक. ते कोंदणाने झाकलेले नसेल तर टवका उडण्याचे भय.

1938 नंतर द बीअर्स कंपनीच्या जाहिरातींनी हिऱ्यावाचून वाङ्निश्चय नाही अशी समजूत अमेरिकेत रुजविली, आणि तेथून ती आपल्याकडे आली. विवाहविधीत धर्मगुरू अंगठ्यांना आशीर्वाद देतात; त्या प्रार्थनेत खड्याचा उल्लेख नाही. तेव्हा अंगठीसाठी कर्ज काढणाऱ्या वरपित्याने क्लेमेंटच्या सूचनेचा विचार करण्यास हरकत नसावी. सपाट माथ्याच्या लंबगोल सुलेमानी खड्यावर नांगर किंवा दोघांची आद्याक्षरे कोरता येतात. हा दगड हिऱ्याइतका कठीण नाही. हिऱ्याचे काठिण्य 10, तर याचे 7, म्हणून त्यास खड्याच्या कडेवर चढणारे बंद कोंदण करावे आणि भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी.