एक्सेप्शनची किंमत
सी भाषेच्या परंपरेत अडचणीत सापडलेले फंक्शन बहुधा उणे एकसारखे ठरावीक मूल्य परत करते आणि पुढची जबाबदारी ते फंक्शन बोलावणाऱ्यावर सोडते. ती तपासणी एकदा जरी राहून गेली, तरी प्रोग्राम चुकीच्या आकड्यावर तसाच पुढे चालत राहतो. एक्सेप्शन, म्हणजे चालू काम तिथेच थांबवून, चूक हाताळू शकणाऱ्या वरच्या फंक्शनकडे नियंत्रण थेट नेणारी यंत्रणा, हा त्यावरचा दुसरा मार्ग होय. आयबीएमच्या पीएल/वन भाषेत तिचे पूर्वरूप १९६० च्या दशकातच दिसते, तर जॉन गुडइनफ यांनी १९७५ च्या निबंधात तिचे पद्धतशीर विवेचन केले.

चूक हाताळून झाल्यावर मूळ जागी परतावे की ते काम सोडूनच द्यावे, हा त्यानंतरचा वाद होता. झेरॉक्स पार्कमधील मेसा भाषेत परतण्याची सोय होती, एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने घडवलेल्या सीएलयू भाषेने ती नाकारली, आणि पुढे एडा व सी++ यांनी सीएलयूचाच मार्ग धरला.

किमतीचा प्रश्न मात्र सुटला नाही. सी++ च्या आजच्या प्रचलित रचनेत एक्सेप्शन उद्भवले नाही तर वेळेचा खर्च जवळपास शून्य असतो; उद्भवले, तर प्रत्येक अर्धवट फंक्शनची माहिती तक्त्यांतून शोधून त्याची आवराआवर करावी लागते, आणि हा खर्च साध्या परतीच्या कित्येक पट भरतो. म्हणूनच वापरकर्त्याने अंकाऐवजी अक्षर टंकणे यासारख्या रोजच्या घटनेसाठी एक्सेप्शन वापरणे अनाठायी ठरते.

तपासणीलाही किंमत असते, हे ४ जून १९९६ रोजी कुरू येथून उडालेल्या एरियान ५ च्या पहिल्या अग्निबाणाने दाखवून दिले. एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेल्या एडा प्रोग्राममध्ये ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जात असे. अशा धोक्याच्या सात व्हेरिएबलांपैकी चारांनाच संरक्षण दिले होते, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग बराच जास्त असल्याने इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी आकडा मावेनासा झाला आणि एक्सेप्शन उद्भवले. ज्या गणनेत हे घडले, तिचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता, ही यातली सर्वांत क्लेशकारक बाब होय.

अग्निबाण नष्ट झाल्याचा दोष एक्सेप्शनच्या यंत्रणेला देणे अन्यायाचे होईल, कारण तिने चूक अचूक पकडली होती. जाक-लुई लिआँ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने बोट ठेवले ते पुढच्या निर्णयावर: बिघाड हार्डवेअरचाच असणार असे गृहीत धरून, एक्सेप्शन येताच ती गणना करणारा संगणक बंद करावा असे ठरवले होते. त्यावरचा पर्याय म्हणून ठेवलेला दुसरा संगणक तोच प्रोग्राम चालवत होता, आणि तो याच कारणाने आधीच्या ७२ मिलिसेकंदांच्या चक्रातच बंद पडला होता.