ग्लिसरीनची बाटली आणि रुग्णालयाची फार्मसी

रुग्णालयात दाखल झाल्यावर आपण डॉक्टर कोण, ऑपरेशन कोण करणार, याची चौकशी करतो. औषध कुठून आले, ते कोणी तपासले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे मुंबईला १९८६ मध्ये फार मोठी किंमत मोजून कळले.

त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिले होते. हा तेव्हाचा नेहमीचा उपचार होता. मूळ आजार वेगवेगळे, पण सगळ्यांत समान दुवा एकच, ग्लिसरीन. चौदा रुग्ण दगावले. तपासात आढळले की औषधी दर्जाच्या ग्लिसरीनऐवजी कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन आले होते आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते.

हे विष ओळखू का येत नाही?

डायइथिलीन ग्लायकॉल रंगहीन, दाटसर आणि चवीला गोडसर असते, म्हणजे दिसायला-चाखायला जवळजवळ ग्लिसरीनसारखेच. शिवाय ते स्वस्त असते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे विघटन होते आणि त्यातून तयार होणारी आम्ले मूत्रपिंडाच्या पेशी मारतात. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी बंद. डोळ्यांनी किंवा जिभेने हा फरक कळत नाही, तो फक्त प्रयोगशाळेतच कळतो.

धडा आधीच मिळाला होता

१९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले. शंभरावर माणसे मेली, त्यांत बरीच मुले होती. औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता तपासलीच पाहिजे, असा कायदाच तेव्हा नव्हता. त्यामुळे कंपनीवर गुन्हा लागला तो चुकीच्या लेबलाचा: 'एलिक्झर' म्हणायचे तर त्यात अल्कोहोल हवे आणि ते नव्हते! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथे कडक कायदा झाला.

आपल्याकडेही कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या दर्जाची चौकशी केली होती. त्यानंतर १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. म्हणजे १९८६ मध्ये कायदा होता, निरीक्षक होते, प्रयोगशाळाही होत्या. तरीही बाटली रुग्णाच्या ओठांपर्यंत पोचली.

असे का झाले, हे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने तपासले. आयोगाने केवळ पुरवठादाराला दोषी धरून विषय संपवला नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालय, अशा प्रत्येक पायरीवर बोट ठेवले. विष एका ठिकाणी मिसळले गेले, पण ते अडवता आले असते अशा जागा अनेक होत्या.

आजची फार्मसी काय करते?

चांगल्या रुग्णालयात केवळ कमी दर पाहून औषध घेत नाहीत. पुरवठादाराचा परवाना आणि बॅचचा तपासणी अहवाल पाहतात. बॅच नंबर नोंदवतात, म्हणजे दोष सापडताच ती बॅच कोणत्या वॉर्डात गेली ते कळते आणि परत मागवता येते. ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी वापरतात. सारख्या नावांची औषधे वेगळ्या कप्प्यांत ठेवतात, इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र इंजेक्शने वॉर्डात उघडी ठेवत नाहीत. हे नियम कंटाळवाणे वाटतात, पण यातला प्रत्येक नियम रुग्णापर्यंतच्या वाटेवरचा एकेक नाका आहे.

हा इतिहास संपलेला नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या परिसरातील मुलांना खोकल्याच्या सिरपमधून हेच विष मिळाले. त्यांतली अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणली गेली, पण बरीचशी वाचली नाहीत.

आपण काय करावे?

औषधाचे पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असल्याची खात्री करा. बाटली संपेपर्यंत लेबल जपून ठेवा. लहान मुलांना खोकल्याचे सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि कोणतेही औषध सुरू केल्यावर लघवी कमी झाली, तर औषध थांबवून, ती बाटली सोबत घेऊन, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.